थकलेलं स्वयंपाकघर : रंगाचा डबा उघडण्याआधी स्क्रूड्रायव्हर शोधा

पेचकस

तोडफोड करायची नाही, हात आखडता आहे आणि स्वयंपाकघराकडे तर बघवत नाही. अशा माणसाला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे कपाटांना रंग द्या, नाहीतर वरून चिकटवायचं व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचा कागद, आणा. माझं मत उलट आहे. या दोन्ही गोष्टी सगळ्यात शेवटी, आणि तिथवर पोचेपर्यंत बहुतेकदा त्यांची गरजच उरत नाही.

आमच्या सिंकशेजारचं दार कित्येक वर्षं तिरकं होतं. जरा उचलून उघडायचं, हे घरात सगळ्यांच्या हाताला पाठ. नवीन माणसानं उघडलं की खर्रकन आवाज यायचा आणि आम्ही आतून ओरडायचो, "उचलून, उचलून!" एका रविवारी आत डोकं घालून बघितलं. बिजागरी आतली, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या गोल खड्ड्यात वाटी बसते ती. तिच्या दांडीवर दोन स्क्रू असतात. दाराजवळचा फिरवला की दार डावी-उजवीकडे सरकतं, मागचा सैल केला की आत-बाहेर. दार तिरकं असेल तर वरच्या बिजागरीचा पुढचा स्क्रू एका दिशेला आणि खालचीचा उलट दिशेला, एका वेळी पाव फेरा. दहा मिनिटांत दार सरळ.

शेजारच्या दाराचा स्क्रू मात्र नुसताच गरागरा फिरत होता, भोक मोठं झालेलं. गुल काढलेल्या दोन-तीन काड्या लाकडाच्या गमात बुडवून भोकात ठोकल्या, वरचं टोक कापलं, रात्रभर वाळू दिलं आणि सकाळी तोच स्क्रू त्याच जागी पिळला. घट्ट.

मग दिवा. छतावर एकच ट्यूब, तीही ओट्याकडे तोंड केलं की पाठीमागे. चिरताना सुरीवर स्वतःचीच सावली. वरच्या कपाटांच्या तळाला एलईडी पट्टी लावली, भिंतीकडे नाही तर पुढच्या कडेला. भिंतीकडे लावली की टाइल्स उजळतात आणि हात अंधारातच राहतात. सगळी कपाटं धुवून काढली. रंगाचा एक थेंब नाही, पण येणारा-जाणारा विचारतो की काम कधी काढलं होतं.

रंगछटा

पेचकसराव, अभिनंदन, पण असहमत. सरळ झालेलं मातकट पिवळं दार हे सरळ झालेलं मातकट पिवळं दारच असतं. मला रोज सकाळी तो रंग बघूनच थकायला होत होतं, बिजागऱ्या तर ठणठणीत होत्या.

रंगाला नावं ठेवणारे बहुतेक लोक धुवायची पायरी गाळतात. दारं काढून आडवी ठेवायची. मुठीभोवतीचा मेणचट थर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं दोनदा काढायचा, मग साध्या पाण्यानं सोडा काढायचा. १८० नंबरच्या पॉलिशपेपरनं नुसती चकाकी मारायची, खरवडायचं नाही. गुळगुळीत लॅमिनेट असेल तर त्यावर धरणारा खास प्रायमर हवाच, साधा प्रायमर नखानं सोलून निघतो. त्यावर स्पंजच्या रोलरनं दोन पातळ हात. जाड एक हात दिलात की ओघळ आलेच.

आणि पथ्य पाळायचं! हाताला कोरडा लागतो काही तासांत, पण पुरता कडक व्हायला दोन ते चार आठवडे जातात. मी पाचव्याच दिवशी दारं बसवून घट्ट मिटली. दुसऱ्या दिवशी एक दार उघडताना कडेचा रंग चौकटीला चिकटून पट्टीसारखा निघाला. ती कड पुन्हा केली. बाकी चार वर्षं झाली, टवका नाही.

भाडेकरू_कायमचा

तुम्हा दोघांचं घर स्वतःचं दिसतंय. आम्हाला ना रंग लावायची परवानगी, ना भिंतीला भोक पाडायची. आमच्यासारख्यानं व्हिनाइल नाही लावायचं तर काय, डोळे मिटून राहायचं? मी ओट्याखालच्या सगळ्या दारांना लावलं. कोपऱ्यावर हेअर ड्रायरची ऊब देत ओढून घेतलं आणि कड दाराच्या आतल्या बाजूला दोन बोटं वळवली. तेवढी वळवली की सुटत नाही. दाराच्या धारेवरच कापणारे लोक नंतर "सुटलं, सुटलं" म्हणून बोंबलतात. घर सोडताना पुन्हा ऊब दिली की निघून येतं.

पेचकस

निघतं, मान्य. पण शेगडीच्या बाजूला? तुमच्या व्हिनाइलमधलं पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि वाकण्याइतकं लवचिक केलेलं असतं ते त्याच्याही आधी. वर रोजची वाफ. आमच्या आधीच्या घरात शेगडीलगतच्या पल्ल्याचा कागद शेवग्याच्या सालीसारखा गुंडाळून वर आला होता आणि मागे राहिला चिकट गोंद. त्या गोंदावर बसलेली धूळ काढायला रंगछटाबाईंनी रंगाला घालवला नसेल एवढा वेळ मी घालवला.

भाडेकरू_कायमचा

शेगडीलगत लावायचंच नाही, हे मीच आधी लिहायला हवं होतं. तिथला पल्ला मी व्हिनाइलविनाच ठेवलाय. पण एका पल्ल्यासाठी बाकी सगळे का वंचित ठेवायचे? आणि तुमची ती पट्टीसुद्धा मी लावली आहे, चार्जिंगवाली, चुंबकानं धरणारी. एकाही भोकाशिवाय.

मुळावर_घाव

सगळ्यांचं वाचलं. मला हे सगळंच वरवरचं वाटतं, स्पष्ट बोलतो. आज पट्टी, उद्या मुठी, परवा रंग, तेरवा व्हिनाइल. या सगळ्याची बेरीज कधी केली आहे का कोणी? कपाट भुसा दाबून केलेल्या फळीचं असेल आणि सिंकखाली पाणी लागून ती एकदा फुगली, तर ती पुन्हा बसत नाही. तिच्यावर रंग काय आणि कागद काय, मढ्याला शृंगार. थांबा, साठवा आणि एकदाच नीट करा.

रंगछटा

"थांबा" म्हणणं सोपं आहे हो. माझ्या सासूबाईंनी वाट बघितली. आधी मुलांची शिक्षणं, मग लग्नं, मग दुखणी. स्वयंपाकघराचा नंबर कधी लागलाच नाही, कारण तिथे उभं राहणारी व्यक्ती तक्रार करत नव्हती. "एकदाच नीट" हे वाक्य बहुतेक घरांत "कधीच नाही" असं वाचायचं असतं.

फुगलेल्या फळीचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. पण फुगते ती सहसा एखाददुसरी तळफळी. तेवढीच बदलून आणा, कडांना सगळीकडून रंग किंवा पट्टी देऊन पाणी बंद करा. आणि त्याआधी गळती. ओल्या लाकडावर लावलेला रंग फोड येऊन निघणारच, तिथे माझाही रंगाला पाठिंबा नाही.

पावलं_मोजणारी

तुम्ही सगळे डोळ्यांना काय दिसतं यावर भांडताय. स्वयंपाकघर थकवतं ते पायांना आणि खांद्यांना.

मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६ साली फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम साडेसहा चौरस मीटर. अशी सुमारे १०,००० बसवली गेली. त्यांनी सजावटीपासून नाही, हालचालींपासून सुरुवात केली. कुठली वस्तू कुठल्या कामाला लागते, तिथवर किती पावलं पडतात. ओट्यालाच कचऱ्याचा खण, बसून काम करायला फिरतं स्टूल आणि छतावरचा दिवा रुळावर सरकवता येईल असा. पेचकस, तुमच्या दिव्याचं दुखणं शंभर वर्षांपूर्वीचं आहे.

मी एक पैसाही न घालवता एवढंच केलं. आठवडाभर, जी वस्तू वापरीन ती परत जागेवर न ठेवता ओट्याच्या एका टोकाला ठेवायची. आठवड्यानं तिथे सतरा वस्तू होत्या. सतरा! बाकी तीन कपाटं भरून काय होतं? झाकणाविना डबे, डब्यांविना झाकणं आणि कोणीतरी भेट दिलेली यंत्रं. त्या सतरा वस्तू कंबर ते डोळे या उंचीत आणल्या, उरलेलं वर किंवा घराबाहेर. ओटा पहिल्यांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसला.

रंगछटा

फ्रँकफर्टचं उदाहरण दिलंत तर पुरतं द्या की. त्यातली कपाटं निळसर हिरव्या रंगाची होती, माश्या त्या रंगावर बसत नाहीत अशा समजुतीनं. म्हणजे रंगाचा विचार बाईंनीही केला होता. :)

मुळावर_घाव

आणि तिथे एकाच माणसाला धड उभं राहता येई, यावरून पुढे टीकाही भरपूर झाली. घरची बाई एकटी कोंडली जाते म्हणून. वस्तू आवरणं ठीक, पण त्याला स्वयंपाकघर ताजंतवानं करणं म्हणू नका. त्याला घर आवरणं म्हणतात, ते तसंही करायचंच असतं.

पावलं_मोजणारी

करायचंच असतं, पण केलं होतंत का? :)

सांध्यातली_काजळी

मधेच घुसते. टाइल्स चांगल्या आहेत, पण मधले सांधे काळे पडलेत. सगळी भिंत त्यामुळे कळकट दिसते. टाइल्सवर लावायचा रंग आणू की सांध्यांवर फिरवायचं पेन?

पेचकस

दोन्ही आत्ता नको. सोडियम परकार्बोनेट म्हणून पांढरी पावडर मिळते, ऑक्सिजनवालं ब्लीच. कोमट पाण्यात कालवून सांध्यांवर लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मऊ ब्रशनं घासून धुवा. आम्लाच्या वाटेला जाऊ नका. सिमेंटचा सांधा आम्लानं झिजतो आणि पुढच्या वेळी आणखी लवकर मळतो. आम्ल आणि क्लोरीनवालं ब्लीच तर कधीच एकत्र आणू नका, विषारी वायू तयार होतो. सांधे उजळून, दोन दिवस वाळूनही डाग राहिले तर पेन. काळ्यावरून पेन फिरवलंत तर चुन्याखालच्या ओलीसारखे डाग पुन्हा वर येतील.

सिंकभोवतीची रबरासारखी पट्टी काळी असेल तर ते सिलिकॉन. बुरशी त्याच्या आत असते, घासून जात नाही. कापून काढायचं, पुरतं काढायचं, कारण जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. नवं भरल्यावर दिवसभर नळ बंद.

रंगछटा

टाइल्सच्या रंगाबाबत पहिल्यांदाच पेचकसरावांच्या बाजूनं. शेगडीमागे तो टिकत नाही. मी तिथे लावला नाही, माझ्या बहिणीनं लावला. आता तिथे नकाशा तयार झालाय.

आणि एक कबुलीजबाब. धुवायच्या भरात मी चिमणीची जाळी कॉस्टिक सोड्यात बुडवली होती. जाळी ॲल्युमिनियमची. फसफसली आणि काळीकुट्ट झाली. गरम पाणी नि भांड्याचा साबण, बास.

भाडेकरू_कायमचा

मुठींबद्दल कोणीच बोललं नाही. जुन्या काढून नव्या लावायच्या, जुन्या पिशवीत जपून ठेवायच्या आणि घर सोडताना परत. फक्त दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. बाजारात सहसा ९६, १२८, १६० मिलिमीटर असं मिळतं, ३२च्या पाढ्यात. आमच्या जुन्या मुठी ७६च्या, म्हणजे तीन इंची. मी डोळ्यांनी अंदाज करून डझनभर ९६च्या आणल्या. एकही बसली नाही. आधी एकच आणावी, हे शहाणपण परतीच्या वाटेवर सुचलं.

पावलं_मोजणारी

रंगछटा, पॉलिशपेपरबद्दल एक जोड. घर फार जुनं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, त्याआधी ते सर्रास असे. असा रंग कोरडा घासून धूळ उडवू नये, लहान मुलं असतील तर मुळीच नाही. तपासून घ्यावं.

रंगछटा

हे मला सुचलं नव्हतं. माझी कपाटं लॅमिनेटची होती म्हणून निभावलं. जुन्या तैलरंगाच्या लाकडी दारांना माझा वरचा सल्ला तसाच्या तसा लावू नका.

पेचकस

मीही थोडा मागे येतो. "सगळ्यात शेवटी" म्हणालो होतो त्यावर ठाम आहे, पण "गरजच उरत नाही" हे जरा जास्तच झालं. दिव्याची पट्टी लावल्यावर आमच्या वरच्या कपाटांचे डाग आता लख्ख दिसतात. आधी अंधार होता तेच बरं, असं घरून ऐकून घेतलंय. पट्टी घेणाऱ्यांसाठी : ४००० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपासची घ्या, ६५०० ची दवाखान्यासारखी पांढरीफटक पडते. आणि खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा वर आहे ना बघा, नाहीतर सगळं निस्तेज दिसतं आणि दोष बिचाऱ्या भिंतीला जातो.

मुळावर_घाव

माझं मत बदललेलं नाही. तरीही नोंद म्हणून सांगतो, काल रात्री ओट्याखालच्या मधल्या दाराच्या बिजागरीत स्क्रूड्रायव्हर घातला. दार सरळ झालं. पण आता त्याच्या दोन्ही बाजूंची वाकडी दिसायला लागलीत, जी परवापर्यंत मला सरळ वाटत होती. डावीकडचं वर टेकतंय. पुढचा स्क्रू की मागचा?

पेचकस

पुढचा. पाव फेरा, आणि दार मिटून बघा.