प्रतिसाद: शपथ घेणंच गुन्हा ठरलं तेव्हा

वर कोणीतरी म्हटलंय की शपथेतल्या गळा चिरण्याच्या वगैरे धमक्यांमुळेच गुप्त सोसायट्यांची गुपितं टिकली, मला ते पटत नाही. उलट कधीकधी ती शपथच सरकारच्या हातात आयतं हत्यार द्यायची. इंग्लंडमधल्या टॉलपडल गावाचंच बघा, मजुरी कमी होत चालली म्हणून शेतमजुरांनी १८३३ मध्ये संघटना काढली, नवीन माणसाला डोळ्यांवर पट्टी बांधून आणायचे, सांगाड्याचं चित्र दाखवायचे आणि बायबलवर गुप्ततेची शपथ. आता युनियन काढणं तेव्हा बेकायदा नव्हतं बरं का! मग सरकारने आरमारातल्या बंडानंतर केलेला १७९७ चा बेकायदा शपथांचा कायदा बाहेर काढला आणि १८३४ मध्ये सहा जणांना सात वर्षांसाठी थेट ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठवलं. आणि फ्रीमेसन, म्हणजे ती गुप्त विधी पाळणारी बंधुसंघटना? त्यांच्या शपथेत तर जीभ उपटण्याची भाषा होती, पण १७९९ च्या गुप्त संघटनांवरच्या बंदीतून त्यांच्या लॉजना, म्हणजे शाखांना, सूट मिळाली, कारण तिथे बडी मंडळी बसायची. मला तरी हा उघड अन्याय वाटतो. त्या सहा जणांना माफी मिळाली ती १८३६ मध्ये, तीही लोकांनी मोर्चे, अर्ज करून सरकारला हैराण केल्यावर.