पैसा आहे, पण उशिरा

डॉक्टरकीत आता पैसा राहिला नाही, हे म्हणणं मला पटत नाही. पैसा आहे, फक्त तो उशिरा येतो. आणि उशीर किती, हे बारावीच्या मुलाला कुणी नीट सांगत नाही.

इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं. नुसत्या एमबीबीएसवर आज भागत नाही असं वाटलं, की एमडी किंवा एमएसची 3 वर्षं आणि त्यापुढे हृदयरोग, न्यूरोसर्जरीसारख्या शाखांना डीएम किंवा एमसीएच या अतिविशेष पदव्यांची आणखी 3. म्हणजे साडेअकरा वर्षं, तीही एकाही प्रवेश परीक्षेत वर्ष वाया न जाता! एमबीबीएसनंतरच्या या वर्षांत रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काम करताना विद्यावेतन मिळतं, पण तोवर बरोबरीचे इंजिनिअर मित्र घराचे हप्ते फेडत असतात.

खरा फरक पडतो तो सुरुवातीला किती पैसे घातले यानं. सरकारी कॉलेजात शिकलेल्याचं गणित बहुतेकदा जमतं. खाजगी कॉलेजच्या भरमसाट फीसाठी घर गहाण टाकणाऱ्या पालकांना मात्र मी कळकळीने सांगेन, थांबा आणि आधी व्याजाचा हिशोब करा. त्या कर्जाचं ओझं तरुण डॉक्टरच्या मानेवर बसतं आणि पेशंटला तपासतानाही उतरत नाही, हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

शाखेचाही विचार हवा. त्वचारोग किंवा रेडिओलॉजीत रात्रीची धावपळ तुलनेनं कमी, म्हणून तिथल्या जागांसाठी झुंबड. ज्याला मुळात माणसं तपासायला आवडतात, त्याने जनरल मेडिसिन किंवा बालरोगाकडे पाठ फिरवू नये. तिथेही नीट पोट भरतं.