जड ॲम्प्लिफायरच्या खाली तुम्ही काय ठेवलंत? (अनुभव धागा)

गेल्या जूनमध्ये माझा ॲम्प टीव्हीच्या युनिटवरून घाईघाईने उतरवावा लागला. २३ किलोचा ॲम्प, युनिट पार्टिकल बोर्डाचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं). रत्नागिरीच्या पावसाळी हवेत युनिटची मागची कड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगली आणि फळी मधोमध अर्धा इंच खाली आली. मी आणि भावाने धरून तो जमिनीवर ठेवला, तर चार दिवसांत खालच्या जाळीतून मुंग्या आत.

तेव्हापासून स्टँड शोधते आहे. विकतचे जे परवडतात ते वजन पेलतील अशी खात्री वाटत नाही, आणि जे पेलतात त्यांच्या किमतीत बऱ्यापैकी स्पीकरची जोडी येते. म्हणून किनाऱ्यावरच्या सगळ्यांना विचारते: तुम्ही काय केलंत, किती खर्च आला आणि पुढे पावसाळ्यात त्याचं काय झालं? दुसऱ्या पावसाळ्यानंतरचं आवर्जून सांगा. नवं असताना सगळंच छान दिसतं. उत्तराच्या वर आपल्या गावाचं नाव लिहा.

स्टँडने आवाज किती सुधारतो, हा वाद इथे नको. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला जमिनीच्या थरथरीने फारसं काही होत नाही असं माझं मत आहे. आपल्या हवेत स्टँडने वजन पेलावं, खालून वारा द्यावा आणि ओल लांब ठेवावी, एवढं मला पुरे.

गुहागर

ग्रिल-गेट करणाऱ्या फॅब्रिकेटरकडून करून घेतलाय. १ इंची चौकोनी एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) पाइप, १६ गेज जाडीचा. वर चौकट, खाली चौकट, चार पाय, उंची ८ इंच. लोखंड पाच-साडेपाच किलो लागलं. मजुरी आणि रंग धरून २०२२ साली १,८०० रुपये.

पहिल्यांदा चुकलो, ते सविस्तर सांगतो. माझा ॲम्प यामाहाचा ए-एस २१००, रुंदी ४३५ मिमी, खोली ४६३ मिमी. मी फॅब्रिकेटरला एवढंच माप दिलं. त्याने तंतोतंत त्या मापाची चौकट केली. घरी आणून ॲम्प ठेवायला गेलो तर ॲम्पचे पाय कडेपासून आत, नेमके चौकटीच्या पोकळीवर! परत नेऊन मधे दोन पट्ट्या जोडून घेतल्या. तुम्ही तसं करू नका. ॲम्पखाली वर्तमानपत्र सरकवा, चारही पायांभोवती पेन्सिल फिरवा आणि तो कागदच त्याच्या हातात द्या. केबलींसाठी मागे चार इंच जागा लागते, तीही कागदावर दाखवा.

समुद्र आमच्या घरापासून ३०० मीटरवर आहे. इथे गंज पाइपला नंतर लागतो, वेल्डिंगच्या सांध्याला आधी. वेल्डिंगवरची खपली ठोकून काढली नाही तर रंग त्या खपलीवर बसतो आणि तिच्यासकट गळून पडतो. त्यामुळे रंगाच्या दिवशी मी स्वतः तारेचा ब्रश घेऊन गेलो. रेड ऑक्साइडचा एक हात, वर ऑइल पेंटचे दोन. पाइपची उघडी तोंडं प्लास्टिकच्या बुचांनी बंद केली, नाहीतर आतून गंजत राहतं आणि बाहेर कळत नाही. तीन पावसाळे झाले. मागच्या एका पायाशी तांबूस डाग आला, तो घासून पुन्हा रंगवला. बाकी लोखंड जसंच्या तसं आहे.

लांजा

घराच्या बांधकामातून जांभ्या दगडाचे चिरे उरले होते. दोन चिरे उभ्या बाजूने समांतर, मधे वीतभर जागा, वर कडप्प्याची फरशी. खर्च फक्त फरशी कापून आणण्याचा, ३५० रुपये. एकेक चिरा पंचवीस-तीस किलोचा, त्यामुळे हलण्याचा प्रश्नच नाही.

तापदायक झाली ती चिऱ्याची भुकटी. जांभा कितीही गुळगुळीत तासा, तांबडी पूड झडतच राहते आणि ॲम्प खालून हवा ओढतो. सहा महिन्यांनी झाकण काढलं तर आतल्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) तांबडा थर. मग चिऱ्यांना सिमेंटच्या पाण्याचे दोन हात दिले आणि वरून रंग दिला. आता झडत नाही. दुसरी गोष्ट, जांभा पाणी पितो. जमिनीतून ओल येणाऱ्या जुन्या घरात चिऱ्याखाली जाड प्लास्टिकचा कागद घातल्याशिवाय हे करू नये.

कडप्प्याची फरशी सलग असल्याने ॲम्पच्या पोटाखाली जेमतेम दीड सेंटिमीटर जागा राहत होती. ॲम्पच्या चारही पायांखाली वॉशिंग मशीनच्या रबरी चकत्या दिल्या. आता हात आत जातो, आणि हातालाच कळतं की ॲम्प पूर्वीइतका तापत नाही.

देवगड

माझं थोडक्यात. इन्व्हर्टरच्या बॅटरीची प्लास्टिकची ट्रॉली घेतली. बॅटरी पन्नास-साठ किलोची असते, तेव्हा वजनाची काळजी नव्हती. पण ट्रॉली लांबट आणि अरुंद, ॲम्प रुंद. वर प्लाय टाकून ठेवला तर जरा धक्क्याने डुलायचा. घरात लहान मूल आहे. महिनाभरात काढून टाकली.

श्रीवर्धन

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या परड्यातला फणस पडला. आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या, हातचं झाड. कापून टाकायला मन होईना, म्हणून गिरणीवर नेऊन फळ्या पाडून आणल्या. सुताराने लगेच हात लावायला नकार दिला. ओलं लाकूड पिळ खातं, दोन वर्षं तरी वाळू दे म्हणाला. पडवीत काठ्यांवर थर लावून, फळ्यांच्या मधे वारा खेळेल असं रचून ठेवलं.

२०२२ च्या दिवाळीनंतर स्टँड केला. वर सलग फळी घेतली नाही. दोन इंची पट्ट्या, मधे बोटभर फट, म्हणजे वारा सरळ खालून वर. पाय अडीच इंच जाड. खिळा एकही नाही, एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले सांधे. मामांनी बोटीवर असताना आणलेला पायोनियर एसएक्स-१२५० त्यावर आहे, सुमारे २९ किलोचा. फणसाचं लाकूड आधी पिवळंजर्द होतं, आता मधासारखं तपकिरी होत चाललंय. मजुरी २,२०० रुपये, फळ्या घरच्या.

वाळवीचं भय होतं म्हणून पायांच्या तळव्यांना औषध पाजून घेतलं आणि तळाशी जस्ती पत्र्याचे तुकडे ठोकले. लाकूड थेट जमिनीला टेकत नाही. पट्ट्यांच्या फटींत धूळ बसते, ती दर पंधरा दिवसांनी कुंच्याने काढते. आई त्या स्टँडला अजून "अण्णांचा फणस" म्हणते.

मालवण

माझा भाऊ होड्या दुरुस्त करतो, त्यामुळे स्टँड त्याच्या शेडमध्येच झाला. प्लाय घ्यायचा तर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) छाप असलेला मरीन प्लाय घ्या, १९ मिमी. मी आधी १२ मिमीचा साधा प्लाय वापरला होता आणि तो वर्षात वाकला. तोही मधे नाही, एका कोपऱ्यात. तेव्हा लक्षात आलं की ॲम्पचं वजन सारखं नसतं. ट्रान्सफॉर्मर ज्या बाजूला असेल ती बाजू भारी. उचलताना हाताला कळतंच, पण स्टँड करताना आपण ते विसरतो.

कापून झाल्यावर प्लायच्या कडांना होडीला लावतात ते रेझिन पाजलं. कडा उघड्या राहिल्या तर पाणी तिथूनच शिरतं, वरच्या सनमायकाचा काही उपयोग नाही. शेडमधल्या जुन्या सुताराने ॲम्प आधी पाहिलेला नव्हता. त्याने वाकून खालची जाळी बघितली आणि म्हणाला, "ह्याका खालसून वारो व्हयो." त्यानेच मधोमध हातभर लांब खाच पाडून दिली, ती माझ्या डोक्यात नव्हती. पायही त्यानेच बाहेरच्या बाजूला किंचित फाकवले. "वजन आसा, मगे पाय रुंद ठेव." चार वर्षं झाली, सूतभर हललेला नाही.

चिपळूण

२२ जुलै २०२१ ला आमचा तळमजला बुडाला. ॲम्प दीड फुटी लाकडी स्टँडवर होता. तो दीड फुटी असो की चार फुटी, त्या पाण्यापुढे सारखंच होतं. पहाटे पाणी अंगणात आलं तेव्हा आधी माणसं, मग कागदपत्रं, मग धान्य वर नेलं. ॲम्प नेता आला असता. वेळही होता. पण मागे बारा केबली, अंधार, आणि २५ किलोचं गुळगुळीत धूड धरायला कुठे जागाच नाही. मी दोनदा हात घातला आणि सोडून दिला. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला ॲम्प होता तो.

नव्यासाठी स्टँड करताना मी उंचीचा विचार केला नाही, उचलण्याचा केला. शिलाई मशीनचा जुना बिडाचा स्टँड भंगारवाल्याकडून ७०० रुपयांत घेतला, घासून रंगवला. त्यावर सागाचा ट्रे नुसता ठेवलेला आहे, अडकवलेला नाही. ट्रेला दोन्ही बाजूंना जुन्या ट्रंकेला असतात तशा लोखंडी कड्या. ॲम्प कायम ट्रेमध्येच. केबलींना रंगीत पट्ट्या चिकटवल्यात, म्हणजे काढताना आणि लावताना विचार करावा लागत नाही. मी आणि मुलगा दरवर्षी मे महिन्यात एकदा करून बघतो: मेन स्विच बंद, केबली काढायच्या, दोन कड्या दोघांनी धरायच्या, जिना चढायचा. मागच्या वेळी सहा मिनिटं लागली.

वाशिष्ठीकाठी, जगबुडीकाठी, सावित्रीकाठी राहणाऱ्यांनी स्टँड कसाही करा, पण धरायला कड्या ठेवा.

दापोली

आमची ऐकायची खोली माडीवर आहे, लाकडी तक्तपोशीची. तिथे ॲम्प ठेवला की रात्री शांततेत बारीक घूं ऐकू यायची. स्पीकरमधून नव्हे, जमिनीतून. ट्रान्सफॉर्मरची थरथर तक्त्यांत उतरत होती आणि अख्खी माडी तबल्याच्या पुडीसारखी वाजत होती. स्टँडचे पाय दोन तुळयांच्या मधल्या तक्त्यांवर होते. खालच्या खोलीतून तुळयांची जागा मोजून घेतली आणि स्टँड सरकवून चारही पाय तुळयांच्या बरोबर वर आणले. पायांखाली जाड रबर दिलं. घूं जवळजवळ गेली. वजनाच्या दृष्टीनेही जुन्या माडीवर हेच बरं.

रेकॉर्ड प्लेअर त्याच स्टँडवर खालच्या खणात ठेवू नका. पिकअप (सुई बसवलेला भाग) ट्रान्सफॉर्मरच्या जवळ आला की स्पीकरमधून हम येतो. मी तो तीन फूट लांब, वेगळ्या भिंतीशी ठेवलाय.

सावंतवाडी

माझा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा) ॲम्प आहे, त्यामुळे धागा सुरू करणाऱ्या ताईंशी थोडा मतभेद. पुढच्या छोट्या व्हॉल्व्हवर नखाने टिचकी मारली तर स्पीकरमधून ठण् आवाज येतो. तेव्हा थरथर लागत नाही असं माझ्याबाबतीत म्हणता येणार नाही. चितारआळीत लाकडी खेळणी कातणाऱ्या कारागिराकडून सागाचे चार पाय कातून घेतले, खाली रुंद, वर निमुळते. खेळण्यांचं हलकं लाकूड इथे चालत नाही हे त्यानेच सांगितलं. पायांखाली बुचाच्या चकत्या. टिचकीचा ठण् तसाच आहे, पण खोलीत कोणी चाललं की येणारा धपधप आवाज थांबला. चार पायांचे ६०० रुपये.

व्हॉल्व्हच्या काचेला हात लागला तर फोड येतो. स्टँड बुटका केलात आणि घरात रांगतं मूल असेल, तर वर जाळीचा पिंजरा हवाच.

रत्नागिरी (धागा सुरू करणारी)

सावंतवाडीच्या दादांचं पटलं, व्हॉल्व्हचा विचार मी केलाच नव्हता.

काल गुहागरची युक्ती केली. वर्तमानपत्र खाली सरकवलं, पायांभोवती पेन्सिल फिरवली. मग मालवणचं वाचून वजनकाट्यावर एकेक बाजू टेकवून बघितली, दुसऱ्या बाजूला काट्याच्या उंचीचा पाट. डावी बाजू १४ किलो, उजवी ९! तीन वर्षं हा ॲम्प पुसते आहे, मला माहीत नव्हतं. त्या फुगलेल्या फळीचा फोटो काढून बघितला, तर बाक डावीकडेच जास्त.

आता ठरलं ते असं: खाली लोखंडी चौकट, डाव्या बाजूला एक जास्तीचा पाय, वर फणसाच्या नाही पण जुन्या दाराच्या सागवानी पट्ट्या, आणि दोन्ही बाजूंना कड्या. आमच्याकडे पूर येत नाही, तरी कड्या हव्यात. भावाची कंबर जूनपासून दुखतेय. फॅब्रिकेटरकडे सोमवारी जाते आहे. कागद गुंडाळून दाराशी ठेवलाय, तारेचा ब्रशही.

तोवर ॲम्प चार पाटांवर आहे. पावसात रोज अर्धा तास तरी चालू ठेवते, आतली ओल जावी म्हणून. वेंगुर्ल्याकडच्या कोणी स्टेनलेस स्टीलचा करून घेतला असेल तर लिहा. खाऱ्या वाऱ्याला ३०४ ग्रेडच्या स्टीलपेक्षा ३१६ ग्रेडचं टिकतं हे ठाऊक आहे, पण एवढ्या छोट्या कामाला ३१६ चा पाइप देणारं कोणी जवळपास मिळालं का, तेवढं सांगा.