जुनी मुंबई: रात्रीचा रस्ता, दुकान आणि पुनर्विकास. तुमचे अनुभव लिहा

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, भेंडीबाजार, कामाठीपुरा. इथे राहणाऱ्यांनी, गाळा असलेल्यांनी, इथून विरार-बदलापूरला गेलेल्यांनीही लिहावं. "तिथं भीती नाही वाटत?" असं मला नेहमी विचारतात. विचारणाऱ्याच्या डोक्यात खिसेकापू असतात, माझ्या डोक्यात आमच्या जिन्याला लावलेले लाकडी टेकू. बिल्डरांची नावं नकोत. भांडण चालेल.

ठाकूरद्वारकरीण
माझी शिफ्ट रात्री उशिरा सुटते, चर्नी रोडहून चालत घरी येते. चाळींच्या रस्त्यावर कधी मागे वळून पाहिलं नाही. गॅलरीत कोणीतरी उभं असतंच, पानवाला आवराआवर करत असतो, गणपतीच्या आधी तर मंडळाची पोरं रात्रभर जागी. (नको तेवढी जागी, पण ते जाऊ दे.) आता वाटेत एक टॉवर झालाय. खालचे मजले नुसतं पार्किंग, रस्त्याकडे सपाट भिंत. त्याला लागून पाडलेल्या चाळीचे पत्रे. तेवढ्या पट्ट्यात मी पलीकडच्या फुटपाथवर जाते. टॉवरला कॅमेरे भरपूर आहेत, पण बघतात ते गेटच्या आत.

कापडवाला_काळबादेवी
ताई, टॉवरवाल्यांना एवढं नका बोलू. आमच्या मजल्यावर शौचालय सामाईक होतं. रात्री आईला तिथे पोचवायला कोणीतरी उठावंच लागायचं. त्या भीतीचं कोणी नाव काढत नाही.

धंद्याबद्दल. १३ जुलै २०११ ला झवेरी बाजार आणि ऑपेरा हाउसला स्फोट झाले, तरी बाजार फार दिवस बंद राहिला नाही. हिऱ्यांचा धंदा बीकेसीकडे (वांद्रे-कुर्ला संकुलाकडे) सरकू लागला होता तो २०१० मध्ये तिथे भारत डायमंड बोर्स हा हिरेबाजार सुरू झाल्यापासूनच. गिऱ्हाईक खरं तुटलं ते मेट्रोच्या खोदकामात. रस्ता अर्धा बंद, हातगाडी वळेना, हमाल जास्त मजुरी मागे. ऑक्टोबर २०२५ मध्ये काळबादेवी आणि गिरगाव स्थानकं सुरू झाली, बोरिवलीची गिऱ्हाइकं आता विचारतात, "कुठल्या गेटनं बाहेर पडू?" पण जे शेजारी दुकानदार तोवर दम धरू शकले नाहीत, त्यांच्या जागी आज गोदामं आहेत.

पाकमोडियाच्या_पलीकडचा
३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत पडली तेव्हा मी दोन गल्ल्या सोडून होतो. ३३ माणसं गेली. ती पुनर्विकासात घेतलेलीच इमारत होती, काही कुटुंबं आधीच हलली होती. अख्खा प्रकल्प साडेसोळा एकर, सुमारे अडीचशे इमारती, एवढं एकत्र पाडून बांधायचं म्हणजे वेळ लागणारच. पण वाट बघायची ती त्याच पडक्या भिंतींत. आता टॉवर उभे आहेत, नातेवाईक राहायलाही गेले. खूश आहेत. रमजानात मात्र खायला खाली जुन्या गल्लीतच येतात.

चौदावी_गल्ली
आमचं तेलुगू घर, शाळा मराठी, पत्ता कामाठीपुरा. आता इथे जास्त करून कारखाने आणि संसार आहेत, तो धंदा फार थोड्या गल्ल्यांत उरलाय. तरी टॅक्सीवाला मिश्किल हसतो. धाकट्या बहिणीचं स्थळ पत्ता ऐकून मोडलं. फॉर्मवर आम्ही 'मुंबई सेंट्रल' लिहितो. म्हाडाचा पुनर्विकास होईल तेव्हा होईल. मला भीती एवढीच, की पत्त्याची लाज जाईल तेव्हा आम्हीच पत्त्यावर नसू. पोटमाळ्यावर भाड्यानं राहणाऱ्या कारागिराचं नाव कुठल्या यादीत असतं?

निवृत्त_मुगभाट
पागडीच्या (आधी एकरकमी पैसे भरून भाड्यानं घेतलेल्या) खोलीला महिन्याला चहाच्या बिलाएवढं भाडं होतं. नवीन घर ३०० चौरस फूट, स्वतःचा संडास, लिफ्ट. देखभाल खर्च ऐकून सौ. म्हणाली, "लिफ्ट नको, चढते मी." कॉर्पस फंडाचं, म्हणजे बिल्डरने देखभालीसाठी दिलेल्या एकरकमी ठेवीचं, व्याज पुरेल असं सांगितलं होतं. पुरत नाही.

संक्रमण_शिबिरातून
तुम्हाला देखभाल खर्च तरी भरावा लागतोय, काका. आमच्या प्लॉटवर पिंपळ उगवलाय. बिल्डरने भाडं थांबवलं, फोन बंद. मुलांची शाळा गिरगावात, आम्ही कुठल्या कुठे. इमारत धोकादायक होती हे खरंच, म्हाडाच्या यादीतही होती. खाली केली याचं वाईट वाटत नाही. परत कधी, हे कोणी सांगत नाही.

कापडवाला_काळबादेवी
आमच्याही इमारतीचा करार आलाय. गाळ्याला तेवढंच क्षेत्रफळ मिळेल म्हणतात, पण जागा 'पहिल्या मजल्यावर, आतल्या बाजूस'. तिथे कपडा घ्यायला कोण येणार? रस्त्याकडचा गाळा कोणी लिहून घेतलाय का?

ठाकूरद्वारकरीण
आमच्या खालच्या स्टेशनरीवाल्याने घेतला. नुसतं 'तळमजला' लिहिलं होतं, त्याने नकाशाच करारासोबत जोडायला लावला, गाळ्याचा नंबर आणि रस्त्याकडचं शटर दाखवून. बाकीचे दुकानदार सह्या करून मोकळे झाले होते. तो थांबला म्हणून सगळे चिडले, मग त्यांनीही तेच मागितलं. वकील बिल्डरचा नको, तुमचा घ्या. नंबर हवा असेल तर निरोप टाका.