फुली-गोळ्याला जेनेटिक अल्गोरिदम कशाला पाहिजे बे?

होटगीरोडवाला: आपल्या सोलापुरात फायनल इयरच्या प्रोजेक्टला कुणीतरी फुली-गोळा घेतंच आणि त्याला जेनेटिक अल्गोरिदम लावतं, म्हणजे खेळायच्या पद्धतींतल्या चांगल्या निवडायच्या, त्यांची सरमिसळ अन् थोडा बदल करून पुढची पिढी बनवत राहायची. कशाला बे? त्या खेळात शक्य स्थिती ५४७८, फिरवलेल्या आणि उलट्या एकच धरल्या तर फक्त ७६५. मिनिमॅक्स लिहा, म्हणजे समोरचा सगळ्यात भारी खेळेल असं धरून शेवटपर्यंत बघून चाल निवडायची, जुन्यापान्या लॅपटॉपवर पण सगळ्या चाली तपासून होतात आणि तो परत कधी हरत नाही. इकडे रात्रभर पिढ्या पळवायच्या अन् सकाळी बघावं तर समोरच्याच्या दोन फुल्या ओळीत आणि हा गडी भलत्याच कोपऱ्यात गोळा काढतोय.

जुळेसोलापूर_०७: दादा, फुली-गोळ्यापुरतं मान्य, पण म्हणून सगळी पद्धतच मोडीत काढायची का? संगणकशास्त्रज्ञ मेलनी मिचेल यांचा संगणकातला रोबो रॉबी बघा की. १० बाय १० च्या चौकोनात डबे उचलायचे, दिसतं फक्त स्वतःचं घर आणि चार बाजूची, लक्षात काहीच राहत नाही. परिस्थिती २४३, प्रत्येकीला ७ पैकी एक चाल, म्हणजे ७ चा २४३ वा घात, तपासा आता एकेक! बाईंनी स्वतः लिहिलेल्या स्ट्रॅटेजीला ५०० पैकी साधारण ३४६ पडले, पिढ्यांतून आलेलीला ४८० च्या वर. आणि भारी गोष्ट म्हणजे डाव्या-उजव्या दोन्हीकडे डबे असले तर तो पायाखालचा डबा उचलतच नाही, खूण म्हणून ठेवतो, एका बाजूचे गोळा करून त्या खुणेवरून परत फिरतो. हे कुणी शिकवलं त्याला?

निवांत_गडी: रॉबीला समोर विरोधक कुठाय पण? खरी मेख तिथंय. पोरं रँडम खेळाडूशी खेळवून फिटनेस, म्हणजे कोण किती चांगला त्याचे मार्क, काढतात, रँडमवाला दुहेरी डाव (एकाच वेळी दोन ओळी जुळायला आलेल्या) लावतो तो चुकून, मग तो अडवायला शिकायची गरजच पडत नाही. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉडनी १९८७ मध्ये कैद्यांच्या पेचावर (दोघांनी दर डावाला साथ द्यायची का दगा, हे ठरवायचा खेळ) अशाच पिढ्या पळवल्या तेव्हा समोर आधीच्या स्पर्धेतल्या ८ निवडक स्ट्रॅटेजी ठेवल्या होत्या, बहुतेक वेळा जशास तसं वागणारंच काहीतरी वर आलं.

होटगीरोडवाला: मग रॉबी घ्या, कैदी घ्या, फुली-गोळा का?

जुळेसोलापूर_०७: कारण गाईडला समजवायला सोपं पडतं ओ 😄 आमचा ग्रुप वाघ-शेळी हा पटावरचा खेळ घेतोय (वाघ शेळ्या मारतात, शेळ्या वाघ कोंडतात), वाघांची पिढी वेगळी, शेळ्यांची वेगळी, एकमेकांशीच लढवायच्या.

निवांत_गडी: हे जमेल. फक्त दर पिढीतले चांगले वाघ बाजूला जपून ठेवा, नायतर शेळ्या जुने डाव विसरतात.

होटगीरोडवाला: आणि शेळ्यांना मार्क कशाचे, जिवंत राहिल्याचे का वाघ कोंडल्याचे? नुसतं जगण्याला मार्क दिले तर पटावर नुसत्या पळत बसतील.