मदत हवी आहे : सात गोधड्या अर्धवट पडल्या आहेत
कपाट आवरताना मोजल्या, तर अर्धवट गोधड्या सात निघाल्या. दोन नुसत्या कापून ठेवलेल्या, तिघींचे ब्लॉक (तुकडे जोडून केलेले चौकोन) शिवून झालेत, एकीचा वरचा थर तयार आहे पण अस्तर नाही. सातवीची फक्त काठपट्टी राहिली आहे, ती या आठवड्यात संपवतेच.

खरा पेच निळ्या चांदण्यांच्या गोधडीचा आहे. तिचे १४ ब्लॉक जुन्या मशीनवर शिवले, मग मशीन बदललं. पाव इंचाची शिवण धरूनही नवे ब्लॉक १२ इंचांऐवजी पावणेबारा येताहेत. जुने छाटले तर चांदण्यांची टोकं जातील. नव्या ब्लॉकना चारी बाजूंनी पट्टी जोडून सगळे एका मापाला आणू, की उसवून पुन्हा शिवू? उसवताना कापडाचे काठ विसकटतील अशी भीती वाटते. चांदण्या आईने कापून दिल्या आहेत, त्यामुळे एकही तुकडा वाया घालवायचा नाही.

आणखी एक. आता प्रत्येक गोधडी वेगळ्या पारदर्शक पिशवीत ठेवते आहे. वर चिठ्ठी, त्यात माप, दोऱ्याचा रंग आणि पुढचं काम. या चिठ्ठीत तुम्ही अजून काय लिहिता? आणि एका वेळी किती गोधड्या हाताशी ठेवता?