नऊ जनावरं, आई आणि 13 हजार भाडं: चाकणच्या आसपास घर मिळेल का?

नऊशेपट्या

निगडीत 14 वर्षं एका बैठ्या घरात भाड्याने राहतेय. मालककाका गेले आणि त्यांच्या मुलांनी जागा बिल्डरला दिली. मुलं वाईट नाहीत, मुदत दिलीय, पण मार्चअखेर घर रिकामं करायचंच आहे. आत्ता भाडं साडेनऊ हजार आहे. ताणून 13 देईन, डिपॉझिट 50 पर्यंत.

घरात मी, 74 वर्षांची आई, तीन कुत्रे आणि सहा मांजरी. विकत आणलेलं एकही नाही. काळ्या हायवेला ट्रकखाली आला होता, तीन पायांवर पळतो. भुरी लॅब्रॅडॉर, तिला कुणीतरी भाजी मंडईच्या खांबाला बांधून गेलं. डब्याचं तोंड तेलाच्या डब्यात अडकलं होतं, म्हणून डब्या. मांजरींपैकी चौघी एकाच खोक्यातून आल्या, एक आंधळी आहे आणि एक बोका आईचा, तो माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. सगळ्यांच्या नसबंद्या झाल्यात. रेबीजची लस दर वर्षी, कागद फाईलला लावलेले.

आजपर्यंत 17 घरं पाहिली. मोशीत एजंट म्हणाला, "मॅडम, एक कुत्रा म्हणजे हौस, नऊ जनावरं म्हणजे गोठाच की." आळंदीत दोन घरं छान होती, पण कुत्र्यांसाठी कोंबडीची मुंडकी शिजवते म्हटल्यावर चहासुद्धा आला नाही. 2025 मध्ये हडपसरच्या फ्लॅटमधल्या तीनशेवर मांजरींची बातमी आली होती ना, तिचं नाव तर प्रत्येक एजंट काढतो. माझ्या सहा आहेत हो.

नोकरी चाकण एमआयडीसीत, हिशेबाचं काम. त्यामुळे फार लांब जाता येत नाही. तळमजला हवा, काळ्यासाठी आणि आईच्या गुडघ्यांसाठी.

खरा प्रश्न हा: मालकाला खरा आकडा सांगायचा, की "दोन-तीन आहेत" म्हणून आत शिरायचं? ऑफिसातली मैत्रीण म्हणते लपव. माझ्या पोटात गोळा येतो.

कोथरूडची_मनी

ताई, घाबरू नका. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना आहेत, सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. बहुमताने ठराव केला तरी नाही. लिफ्टही नाकारता येत नाही. प्रिंट काढून सोबत ठेवा.

दोनदा_सामान_हलवलेला

मनीताई, ते सोसायटीपुरतं. फ्लॅटचा मालक स्वतःच "मला प्राणी नकोत" म्हणाला तर ती प्रिंट कुठे चिकटवणार? भाडेकरूचं खरं शस्त्र म्हणजे करारातली ओळ.

मी लपवलं होतं, म्हणून सांगतो. दोन मांजरी सांगितल्या, होत्या पाच. चार महिने मालक आला की तिघींना बाथरूममध्ये कोंडायचो. दिवाळीचा फराळ द्यायला तो न कळवता आला आणि दार बायकोने उघडलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. फक्त म्हणाला, "आणखी काय काय लपवलंय?" महिन्याभरात बाहेर पडलो. तेव्हा शोधलेलं घर हे आधीच्यापेक्षा अडीच हजारांनी महाग.

फोनवर पहिल्या वाक्यातच आकडा सांगा. दहातले नऊ ठेवतील फोन, ठेवू देत. तुमचा रविवार तर वाचेल. आणि करार 11 महिन्यांचा करू नका, 22 किंवा 33 चा करा. दर वर्षी नऊ जनावरं घेऊन फिरायचं वय नाही कुणाचंच.

घरमालक_एक

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. माझी दोन घरं भाड्याने आहेत.

कुत्र्याचं आम्हाला फारसं काही नसतं. भुंकतो, दार ओरबाडतो, रंग देऊन भागतं. भीती मांजराच्या मुताची. लाकडी दाराच्या चौकटीत मुरलं की फिनेल ओता नाहीतर काहीही करा, पावसाळ्यात पुन्हा वास. माझी एक चौकट बदलावी लागली.

त्याहून मोठं दुसरं. आधीचे भाडेकरू जाताना दोन मांजरी मागे ठेवून गेले. प्राणी असा टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे हे मला माहीत आहे, पण मी काय पोलिसांना घेऊन त्यांच्यामागे फिरू? त्या दोघी आता माझ्या आईकडे आहेत. तेव्हा "प्राणी आहेत का" विचारतो, त्यात "जाताना नेणार का" हेही असतं.

ताईंनी मला एकच करावं: मला त्यांच्या आत्ताच्या घरी बोलवावं. कागद नंतर बघू. आत पाऊल टाकल्यावर नाकाला कळतंच.

मंचरकर

ताई, चाकणहून वर या. राजगुरुनगर, मंचर, इकडं अंगणासकट घर तुमच्या पैशात बसंल. चाकणच्या चौकातली ट्रॅफिक मात्र रोज खावी लागंल.

पण एक गोष्ट एजंट सांगणार न्हाई. खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर हा सगळा बिबट्याचा पट्टा. उसात बिबट्याची मादी पिल्लं घालती, आणि गावात येतो तो जास्त करून कुत्र्यासाठी. आमचा मोत्या दारातनं नेला, संध्याकाळी साडेसातला, टीव्हीवर मालिका चालू असताना. उसाच्या फडाला लागून घर स्वस्त मिळत असंल तर ते स्वस्त का, हे आधी इचारा.

घर गावठाणातलं बघा, वस्तीवरचं नको. कुत्री दिवस मावळायच्या आत घरात. अंगणात ठेवायचीच तर वरनंसुद्धा जाळी पाहिजे, निस्ती भिंत त्याला काही न्हाई. तुमचा तीन पायांचा आहे त्याला तर बांधून बाहेर ठेवूच नका, बांधलेलं कुत्रं म्हंजे ताटात वाढल्यासारखं.

मांजरवाली_स्मिता

घर मिळाल्यावरचं सांगते, कारण मी इथे चुकले होते.

प्रत्येक मांजर वेगळ्या पिशवीत किंवा टोपलीत. टोपली नसेल तर भाजीचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून दोरीने आवळा, उत्तम चालतं. निघायच्या चार-पाच तास आधी खायला देऊ नका. नव्या घरात सगळ्यांना दोन-तीन आठवडे एकाच खोलीत ठेवा, खिडक्या बंद. मांजर माणसाआधी जागेला ओळखतं. लगेच सोडलंत तर निगडीच्या दिशेने चालू लागेल. माझी एक अशीच गेली. जुन्या गोधड्या धुवू नका, त्या शी-शू करतात त्या जुन्या मातीची एक परात सोबत न्या. आंधळीचं ताट, पाणी, माती तिघांची जागा ठरवा आणि परत हलवू नका.

आणि कबुतरांची नायलॉनची जाळी मांजर दातांनी तोडतं. खिडक्यांना लोखंडी बसवा.

नऊशेपट्या

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, खोकी भरतेय.

घर मिळालं. राजगुरुनगरच्या गावठाणात, दोन खोल्या आणि पडवी, खाली शहाबादी फरशी. मालक निवृत्त शिक्षक. फोनवर पहिल्या वाक्यात "नऊ" म्हटलं. पलीकडे शांतता. मग म्हणाले, "नऊ काय?"

घरमालकदादा, तुमचं ऐकून त्यांना निगडीला बोलावलं. आले, चपला काढायच्या आधी दारातच दोन मिनिटं उभे राहिले. वास घेत होते, मला कळत होतं. मग बाथरूम बघितलं, मग मोजायला लागले. "नऊ म्हणालात, सातच दिसतायत." दोघी कपाटाखाली होत्या. त्या बाहेर काढून दाखवल्याशिवाय गुरुजी चहाला बसले नाहीत. आईला जाम आवडले.

भाडं 11 हजार, डिपॉझिट 50, करार 22 महिन्यांचा, नोंदणी करून. त्यात नऊही जणांची वर्णनं लिहिलीत, "एक बोका, पांढरा, स्वभावाने तुसडा" हे गुरुजींचं स्वतःचं. दहावं जनावर आणायचं तर लेखी विचारायचं, जाताना सगळी न्यायची, जाळी आणि शेवटचा रंग माझ्या खर्चाने. सगळं मान्य. पडवीला वरून जाळी पुढच्या शनिवारी लागेल. मंचरकरदादा, घराला लागून ऊस नाही, चारी बाजूंनी हिंडून पाहिलं.

राहिले गल्लीतले दोघे कुत्रे, ज्यांना मी रात्री खायला घालते. ते माझे नाहीत, गल्लीचे आहेत, त्यांना उचलून परक्या गल्लीत नेलं तर तिथली कुत्री फाडतील. हे सगळं पटतं, तरी कालपासून त्यांच्याकडे बघवत नाही. कोपऱ्यावरचा चहावाला तयार झालाय. महिन्याचे सहाशे ऑनलाइन पाठवायचे आणि दर रविवारी तो दोघांचा फोटो पाठवणार. त्याला सांगून ठेवलंय, फोटो त्या दिवशीचाच हवा, मागे टपरीवरचं कॅलेंडर दिसलं पाहिजे.